बैलाची दुपार, माणसाची दुपार

हैदराबाद शहराच्या हवामानाच्या नोंदींत २ जून १९६६ या दिवसाला आगळे स्थान आहे. त्या दिवशी तेथे ४५.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि शहराच्या तापमानाचा उच्चांक म्हणून तोच आकडा आजही सांगितला जातो. तेलुगू पंचांगाप्रमाणे तो रोहिणी कार्तीचा काळ होता. मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि मृग लागेपर्यंत तेथे राहतो. या पंधरवड्यात उखळेसुद्धा तडकतात, अशी म्हण तेलंगणच्या खेड्यापाड्यांतून प्रचलित आहे. दगडाचे उखळ जेथे तडकते तेथे हाडामांसाच्या माणसाचे काय होत असेल, हा प्रश्न त्या म्हणीतच दडलेला आहे.

हवामान खात्याचा आकडा हा सावलीतला आकडा असतो. जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, झडपांच्या लाकडी पेटीत, वारा खेळेल पण ऊन शिरणार नाही अशा बेताने तापमापक ठेवलेला असतो. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु गवंडी, पाथरवट, बिगारी किंवा रस्त्यावर डांबर ओतणारा मजूर त्या पेटीत उभा नसतो. त्याच्या डोक्यावर ऊन असते आणि पायांखाली तापलेला खडक असतो. हैदराबाद हे शहरच मुळी ग्रॅनाइटच्या प्राचीन खडकावर वसलेले आहे. तो खडक दिवसभर उष्णता साठवतो व सूर्यास्तानंतर ती हळूहळू परत देतो. मजुराच्या वाट्याला येणारी उष्णता ही वर्तमानपत्रात छापल्या जाणाऱ्या आकड्याहून नेहमीच अधिक असते.

१९६६ च्या त्या उन्हाळ्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९६५ साली, केंद्र सरकारने ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांना क्रूरतेने वागवले जाऊ नये म्हणून एक नियमावली तयार केली. तिच्यात असे म्हटले आहे की, ज्या भागात तापमान ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात कोणत्याही जनावरास गाडीला जुंपू नये अथवा त्याच्या पाठीवर ओझे लादू नये. दिवसाकाठी नऊ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा अधिक काम त्याच्याकडून घेऊ नये, असेही त्यात सांगितले आहे. नियम अत्यंत उचित आहे. हैदराबादेत एप्रिल-मे महिन्यांत बहुतेक दिवशी पारा ३७ अंश ओलांडतो. तेव्हा त्या शहरात उन्हाळाभर बैलाची दुपार कायद्याने राखलेली आहे. पण त्याच गाडीतील विटा उतरवून घेणाऱ्या माणसाची दुपार राखणारा, देशभर लागू असा नियम मात्र तेव्हा नव्हता आणि आजही नाही. उन्हात काम करणाऱ्यांच्या इतिहासाकडे पाहण्यास हा विरोध चांगला आरंभबिंदू ठरतो.

प्रथम शरीराचा व्यवहार समजून घेतला पाहिजे. मनुष्याच्या शरीराचे आतील तापमान सुमारे ३७ अंश असते आणि त्यात दोन-तीन अंशांचाही फरक त्यास सोसत नाही. श्रम करणारे शरीर ही एक भट्टीच होय. स्वस्थ बसलेला माणूस जितकी उष्णता निर्माण करतो, तिच्या चार-पाच पट उष्णता कुदळ मारणारा किंवा घमेली वाहणारा माणूस निर्माण करतो. ही उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. भर उन्हात जड काम करणाऱ्याला तासाला एक लिटर घाम सहज येतो. तेवढे पाणी आणि त्याबरोबर गेलेले मीठ परत मिळाले नाही, तर रक्ताचे प्रमाण घटते, हृदयाचे ठोके वाढतात, डोके दुखते, मळमळते, पायांत गोळे येतात व डोळ्यांपुढे अंधारी येते. अंग घामाने चिंब व गार लागते. ही उष्णतेने आलेली ग्लानी होय. ऊन लागल्याची ही पहिली पायरी. येथेच काम थांबले, सावली व पाणी मिळाले, तर माणूस बहुधा थोड्या वेळात सावरतो. काम चालूच राहिले तर मात्र आतले तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, मेंदूवर परिणाम होतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो, तोल जातो आणि शुद्ध हरपते. यालाच आपण उष्माघात म्हणतो. तेलुगूत त्यास ‘वडदेब्ब’ म्हणतात. देब्ब म्हणजे तडाखा. तडाखा म्हटला की तो अकस्मात बसला असे वाटते. प्रत्यक्षात तो बसण्यापूर्वी शरीराने बराच वेळ खुणा केलेल्या असतात. त्या खुणांकडे लक्ष देऊन थांबण्याची मोकळीक त्या माणसाला होती की नाही, यावर बहुतेक वेळा त्याचा जीव अवलंबून असतो.

ही मोकळीक ज्यांना होती, त्यांनी तिचा उपयोग शतकानुशतके केला आहे. मराठवाड्यातील आणि तेलंगणातील शेतकरी उन्हाळी नांगरट पहाटे चांदण्यात सुरू करी आणि उन्हे चढली की बैल सोडून झाडाखाली आणी. ज्वारीची वा नाचणीची आंबील, तिलाच तेलुगूत ‘अंबली’ म्हणतात, ताक आणि कांदा हा दुपारचा आहार केवळ गरिबीचा नव्हता. घामावाटे गेलेले पाणी व मीठ त्यातून परत मिळत असे. शहरांत वाड्यांना जाड भिंती असत, दारांना वाळ्याचे ताटवे लावून त्यांवर पाणी शिंपडले जाई, आणि दुपारच्या वेळी बाजार पेंगत असे. उन्हाळा लागताच रस्तोरस्ती पाणपोया उभारण्याची रीत हैदराबादेत आजही टिकून आहे; तेलुगू भाषिक तीस ‘चलिवेंद्रम’ म्हणतात. सिकंदराबादच्या छावणीतही गोऱ्या शिपायांची कवायत पहाटे उरकून घेत आणि ऊन चढल्यावर त्यांस बराकीत ठेवीत. त्या बराकीतील पंख्याची दोरी ओढणारा माणूस मात्र बाहेरच्या पडवीत बसलेला असे. दुपार कोणाची आणि दोरी कोणाच्या हातात, हा भेद तेव्हापासूनचा आहे.

दुपारचे ऊन हे शस्त्रही होऊ शकते, हे १८५८ सालच्या मध्य हिंदुस्थानातील मोहिमेत दिसून आले. झाशी पडल्यानंतर सर ह्यू रोझ याचे सैन्य काल्पीच्या रोखाने निघाले. त्यात हैदराबाद कंटिन्जंटच्या तुकड्या होत्या. निजामाच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेल्या याच फौजेच्या खर्चापोटी १८५३ साली वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे गेला होता. कोंच येथील लढाईत गोऱ्या पलटणींतील अनेक शिपाई गोळीने नव्हे तर उन्हाने पडले, आणि खुद्द रोझलाही उन्हाच्या माऱ्याने वारंवार ग्लानी आली. सकाळी दहाच्या आत इंग्रजांशी लढाई देऊ नये, कारण पुढचे काम ऊन करते, अशा आशयाचा बंडवाल्यांचा एक हुकूम इंग्रजांच्या हाती लागल्याचे त्या मोहिमेच्या वृत्तांतांत सांगितलेले आहे. उन्हाचा वार कोणत्या घटकेला बसतो हे त्या काळच्या सेनानींना पुरते ठाऊक होते.

तथापि तो वार कसा बसतो, याविषयी इंग्रज वैद्यकाची समजूत दीर्घकाळ चुकीची राहिली. सूर्याचे किरण कवटीतून व पाठीच्या कण्यातून आत शिरून मेंदूस इजा करतात, असे मानले जाई. म्हणूनच जाड सोला टोपी आणि पाठीवर शिवलेली कापसाची गादी यांचा प्रसार झाला. टोपीने सावली मिळे हे खरे. पण रात्रीच्या वेळी, कोंदट बराकीत, सूर्याचा किरणही नसताना शिपाई उष्माघाताने मरत, याचा उलगडा त्या सिद्धांताने होत नव्हता. तो उलगडा खाणींनी केला. जमिनीच्या पोटात ऊन नसते, तरीही तेथे माणसे उष्णतेने कोसळत. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन यांनी १९०५ साली दाखवून दिले की, कोरड्या तापमापकापेक्षा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. हवा स्तब्ध असेल आणि हा ओला पारा सुमारे ३१ अंशांच्या वर गेला, तर घाम वाळेनासा होतो व शरीराचे तापमान वाढू लागते. पुढे १९२३ साली मॉस यांनी खोल खाणींतील कामगारांच्या पायांत येणाऱ्या गोळ्यांचा संबंध घामावाटे जाणाऱ्या मिठाशी जोडला आणि पिण्याच्या पाण्यात किंचित मीठ घालण्याचा उपाय पुढे आला. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत आणखी एक गोष्ट ध्यानात आली. नवा मजूर पहिल्या काही दिवसांतच अधिक कोसळतो. शरीराला उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. तोवर काम बेताबेताने वाढवावे लागते.

१९३१ साली अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचे काम सुरू झाले. त्या वाळवंटी खोऱ्यात पहिल्याच उन्हाळ्यात अनेक मजूर उष्णतेने मेले. ऑगस्टमध्ये मजुरांनी संप केला. त्यांच्या मागण्यांत थंड पाण्याचीही मागणी होती. दुसऱ्या वर्षी हार्वर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन मजुरांच्या घामाचा व मिठाचा अभ्यास केला. १९५७ साली यॅग्लू व मिनार्ड यांनी अमेरिकन सैनिकांच्या शिक्षणतळासाठी एक निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यात हवेची उष्णता, दमटपणा, वारा आणि ऊन या चारही गोष्टी एकाच आकड्यात गुंफलेल्या असतात, आणि त्यात ओल्या पाऱ्याचे वजन दहात सात धरलेले असते. तो आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की कवायत थांबवावी, असा त्याचा उद्देश. शास्त्रास जे सांगायचे होते ते अशा रीतीने १९५७ पर्यंत बहुतांशी सांगून झाले होते. त्यानंतर जे मृत्यू झाले ते अज्ञानाने झाले, असे म्हणणे कठीण आहे.

आता पुन्हा हैदराबादकडे वळू. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराने शहराचा मोठा भाग वाहून गेला. पुन्हा असा प्रसंग येऊ नये म्हणून मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने वरच्या अंगास जलाशय बांधण्याचे ठरले. त्यांतून १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाला. १० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कृष्णा नदीवरील नागार्जुनसागर धरणाची कोनशिला बसवण्यात आली. हे धरण काँक्रीटपेक्षा मुख्यत्वे घडीव दगडांचे आहे आणि ते प्रामुख्याने माणसांच्या हातांनी, दगड खांद्यावरून वर चढवून बांधले गेले. काम १९६७ पर्यंत चालले. म्हणजे १९६६ चा तो उन्हाळाही त्या मजुरांनी धरणाच्या भिंतीवर काढला.

अशा कामांसाठी लागणारे हात बहुतांशी महबूबनगर जिल्ह्यातून येत. त्या जिल्ह्याचे जुने नाव पालमूर. जमीन कोरडवाहू आणि पाऊस बेभरवशाचा असल्यामुळे तेथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या मातीकामासाठी देशभर हिंडली, आणि ‘पालमूरचा मजूर’ ही ओळखच होऊन बसली. महाराष्ट्रातील वाचकांना वडार समाज परिचित आहे. दगड फोडणारे, विहिरी खणणारे हे लोक घरात तेलुगूच्या वळणाची भाषा बोलतात, कारण त्यांची मुळे याच बाजूला आहेत. या कामांची मजुरी घटकांवर नसे. ती मापावर असे. इतके ब्रास खडी, इतके घनफूट माती, तर इतके पैसे. गुत्तेदार मेस्त्रीला देई आणि मेस्त्री टोळीला. वरवर पाहता मापाची मजुरी म्हणजे स्वातंत्र्य. हवे तेव्हा थांबावे. प्रत्यक्षात थांबलेल्या प्रत्येक तासाची किंमत मजुराच्या स्वतःच्या भाकरीतून वजा होते. उन्हात थांबायचे की नाही हे कोणी चाबूक उगारून ठरवत नाही. ते संध्याकाळचे माप ठरवते. आणि म्हणूनच पहिली चक्कर आली असतानाही माणूस आणखी एक खेप करतो.

हीच गोष्ट महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात पाहिली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्या हातांत मोठा भाग स्त्रियांचा होता. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा आला आणि काम मागण्याचा हक्क मान्य झाला. मात्र काम मिळण्याच्या हक्काबरोबर भर दुपारी काम थांबवण्याचा हक्कही असला पाहिजे, हा विचार तेव्हा मागेच राहिला. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते आणि तिचा उल्लेख सहसा होत नाही. कामाच्या जागी आडोसा नसला की त्या दिवसभर पाणी पिणेच टाळतात. घाम तेवढाच जातो, पाणी मात्र येत नाही.

कायद्याने कारखान्याकडे लक्ष दिले, उघड्या आभाळाकडे कमी दिले. १९४८ च्या कारखाने अधिनियमात खेळती हवा व सोसवेल असे तापमान यांची तरतूद होती. ज्या कारखान्यात २५० हून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड पाणी पुरवावे, असेही कलम होते. बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा येण्यास १९९६ साल उजाडावे लागले. पिण्याचे पाणी, प्रथमोपचार, स्वच्छतागृहे यांची सोय त्यात सांगितली होती. पुढे हे जुने कायदे २०२० च्या एकत्रित संहितेत सामावून घेण्यात आले. मधल्या काळात हैदराबाद पार बदलून गेले. १९९८ साली माधापूर येथे सायबर टॉवर्स उभे राहिले आणि त्यांच्या मागोमाग पश्चिमेकडील खडकाळ माळावर नवे शहर वाढत गेले. ते बांधायला पालमूरचे हात पुरेनात. ओडिशा, बिहार, छत्तीसगड येथून माणसे आली. वीटभट्ट्यांवर पश्चिम ओडिशातील कुटुंबेच्या कुटुंबे राबू लागली. पहाटे मजूर अड्ड्यावर उभे राहून ज्याला रोजचे काम शोधावे लागते, त्याला कामाच्या अटी घालता येत नाहीत. काम मिळते उशिरा, सुरू होते नऊच्या पुढे, आणि दिवसाचा सर्वांत कठीण भाग कामातच जातो.

२०१५ चा मे महिना या सर्व गोष्टींची परीक्षा घेऊन गेला. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून तेलंगण व आंध्र प्रदेश यांवर उष्णतेची लाट आली. मैदानी प्रदेशात तापमान ४० अंश वा अधिक असून ते नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वाढले, किंवा थेट ४५ अंशांवर गेले, तर हवामान खाते त्यास उष्णतेची लाट म्हणते. त्या लाटेत देशात दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील फार मोठा भाग याच दोन राज्यांतला होता. त्या दिवसांच्या वृत्तांत मृतांचे वर्णन पुन्हा पुन्हा एकाच तऱ्हेचे येई: बांधकाम मजूर, वृद्ध माणसे आणि बेघर माणसे. ज्यांना सावलीत जाण्याची मुभा होती त्यांचा उल्लेख क्वचितच येई.

शिवाय हा आकडाही पुरा मानता येत नाही. बुडालेला माणूस बुडून मेला हे उघड दिसते. उन्हाने मेलेल्याच्या देहावर मात्र तशी खूण उरत नाही. कागदावर बहुधा हृदयक्रिया बंद पडल्याचे कारण लिहिले जाते. तहसीलदार, पोलीस अधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी यांनी मिळून चौकशी केल्यानंतरच तो मृत्यू उष्माघाताचा ठरतो. परगावचा मजूर खोलीत रात्री मेला, तर ती चौकशीही होईलच असे नाही. अहमदाबादेत मे २०१० मधील मृत्यूंची आधीच्या वर्षांशी तुलना केली तेव्हा, त्या एका महिन्यात अपेक्षेपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाल्याचे दिसून आले. त्यांतून धडा घेऊन त्या शहराने २०१३ साली उष्णतेविषयीची कृतियोजना आखली. दक्षिण आशियातील ती पहिली समजली जाते. २०१५ नंतर तेलंगण आणि आंध्र या राज्यांनीही आपापल्या योजना तयार केल्या.

ऊन केवळ पाऱ्याच्या आकड्याने मारत नाही, हे महाराष्ट्रालाही अलीकडेच कळून चुकले. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या समारंभास मोठा जनसमुदाय उघड्या मैदानात तासन्‌तास बसला होता. त्या दिवशीच्या उन्हाने १४ जणांचा बळी घेतला. हैदराबादच्या मेच्या तुलनेत त्या दिवशीचे तापमान कमीच होते. परंतु हवेत समुद्रकाठचा दमटपणा होता, डोक्यावर छप्पर नव्हते आणि गर्दीतून उठून जाणे सोपे नव्हते. हाल्डेन यांनी १९०५ साली खाणीत पाहिलेली गोष्टच तेथे मैदानात घडली.

तेलंगण सरकारने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. २०२३ साली त्याने थंड छपरांचे धोरण जाहीर केले. पांढऱ्या, उष्णता परतवणाऱ्या छपरांमुळे घराच्या आतील तापमान उतरते आणि रात्रीची झोप तरी शरीराला सावरण्याच्या उपयोगी पडते. एप्रिल २०२५ मध्ये उष्माघातास राज्यापुरती आपत्ती म्हणून मान्यता देण्यात आली आणि मृताच्या कुटुंबास ४ लाख रुपयांचे साहाय्य ठरवण्यात आले. हे साहाय्य आवश्यकच आहे. परंतु ते मृत्यूनंतरचे आहे. मृत्यूपूर्वीच्या तीन तासांची किंमत त्या मानाने किती अल्प असते! एका मजुराच्या दुपारच्या विश्रांतीचा खर्च म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीचा तिसरा हिस्सा.

ही किंमत मोजता येते, याचे दाखले तेलंगणच्या मजुराने स्वतः पाहिले आहेत. करीमनगर व निजामाबाद या जिल्ह्यांतून हजारो माणसे आखाती देशांत बांधकामावर जातात. संयुक्त अरब अमिरातीत २००५ पासून उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारी उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम आहे. कतारने २०२१ साली असा नियम केला की, १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीनपर्यंत उन्हात काम घेऊ नये. आणि यॅग्लू-मिनार्ड यांचा तो निर्देशांक ३२.१ च्या वर गेला तर कोणत्याही वेळी काम थांबवावे. त्या देशांतही मजुरांचे मृत्यू झाले आहेत आणि नियम सर्वत्र नीट पाळला जातो असे नाही. तरी थांबण्याची वेळ तेथे कागदावर लिहिलेली आहे. आपल्याकडे केरळ सरकार उन्हाळ्यात दुपारी १२ ते ३ या वेळात उघड्यावरच्या मजुरांना सक्तीची विश्रांती देण्याचा आदेश काढते, आणि ओडिशानेही असे आदेश काढलेले आहेत. संयुक्त आंध्र प्रदेशात रोजगार हमीच्या कामावर उन्हाळी भत्त्याची पद्धत होती. तीच मजुरी मिळण्यासाठी कडक उन्हाच्या महिन्यांत कमी माती खणावी लागे. मापाच्या मजुरीतील अन्याय कोठे आहे हे त्या योजनेने अचूक ओळखले होते. खाजगी गुत्तेदाराच्या बांधकामावर मात्र जे पोहोचते ते बहुधा सल्ल्याच्या स्वरूपात पोहोचते. दुपारी बाहेर पडू नका, हा सल्ला ज्याचे घरच दुपारच्या कामावर चालते त्याला देण्यात फारसा अर्थ नसतो.

नियम येतील तेव्हा येतील. तोवर कामावर असलेल्या माणसांनी व काम घेणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवणे इष्ट आहे. नव्या मजुराला आणि आजारातून उठलेल्याला पहिला आठवडाभर हलके काम द्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने थोडे थोडे पाणी प्यावे. मधूनमधून मीठ घातलेले ताक, आंबील अथवा लिंबाचे सरबत घ्यावे. दारूने शरीरातले पाणी अधिकच घटते. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, ही समजूत निराधार आहे. कांदा भाकरीबरोबर खावा, त्याचा भरवसा धरू नये. कोणालाही एकट्याने कामास लावू नये, कारण उष्णतेने ग्रासलेल्या माणसास आपली अवस्था स्वतःला कळत नाही. जोडीदार चुकीचे बोलू लागला, अडखळू लागला किंवा उगाच चिडू लागला, तर तो आळस किंवा नशा समजू नये. त्याला ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा, काखेत व मानेवर ओली फडकी ठेवावीत. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. घाम येत आहे म्हणून धोका नाही असे समजू नये. श्रमाने आलेल्या उष्माघातात अंग घामेजलेलेही असू शकते. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ही सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी प्रथम हैदराबादेतच सुरू झाली होती. ती येईपर्यंत अंग गार करणे थांबवू नये, कारण मेंदू वाचतो तो या पहिल्या अर्ध्या तासातच.

हे सर्व उपाय स्वस्त आहेत आणि जुने आहेत. सावली, पाणी, मीठ आणि विसावा यांखेरीज त्यांत काहीच नाही. त्यांतील पहिल्या तीन गोष्टी पाणपोई घालणारा पुण्यवान गृहस्थही देऊ शकतो. चौथी गोष्ट मात्र दानाने मिळत नाही. ती कामाच्या करारातच लिहावी लागते, आणि तिची मजुरी कापली जाणार नाही असेही त्याच करारात लिहावे लागते. १९६५ साली नियम करणाऱ्यांनी बैलाच्या मालकाला असे विचारले नाही की, तीन तास गाडी थांबली तर तुझे किती नुकसान होईल. मुक्या जनावराला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने कायदा बोलला. मजुराला बोलता येते. पण सकाळच्या अड्ड्यावर, समोर गुत्तेदार उभा असताना, दुपारच्या विश्रांतीची अट घालणारा मजूर दुसऱ्या दिवशी तेथेच उभा राहतो. त्याच्या वतीनेही कायद्याने बोलण्याची वेळ फार पूर्वीच येऊन गेली आहे.